पोस्टकार्डावर मावेल एवढा डाऊट

प्रश्न : माझी मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. फिजिक्सचे न्यूमेरिकल्स तिला जमत नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आहे. ही त्याला गणिताचा फोटो पाठवते, तो रात्री सोडवून पाठवतो, ही वहीत उतरवून घेते. गृहपाठ पूर्ण होतो, पण युनिट टेस्टला 25 पैकी 7 मिळाले. मी कॉमर्सचा, माझं स्टेशनरीचं दुकान आहे, मला यातलं काही कळत नाही. घरी शिकवणी लावावी का? वहीच्या दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
– एक वडील, नाना पेठ, पुणे

उत्तर : झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. मी ती दोन पानं चार-पाच वेळा वाचली. पेनाने लिहिलेलं सगळं बरोबर आहे, ते त्या मुलाचं. मला जास्त कामाचं वाटलं ते त्याखालचं, पेन्सिलीने लिहून रबराने खोडलेलं. झेरॉक्समध्येही ते पुसट उमटलंय, आणि ते तुमच्या मुलीचं आहे.

पहिलं गणित बसचं. ताशी 36 किलोमीटर वेगाने जाणारी बस ब्रेक लावल्यावर 20 मीटरमध्ये थांबते, तर तिचं ऋण त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग कमी होण्याचं प्रमाण, किती? खोडलेल्या ओळीत 36 चा वर्ग आहे, खाली अंतराच्या दुपटीने, म्हणजे 40 ने भागलंय आणि उत्तर 32.4. म्हणजे समीकरण तिने अचूक निवडलं होतं! चुकलं एवढंच, की ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, हे रूपांतर राहून गेलं. ते केलं की 100 भागिले 40, उत्तर 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. या चुकीला दहा सेकंदांची मदत पुरली असती.

दुसरं गणित चेंडूचं. सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू हातात परत यायला किती वेळ लागेल? इथे तिने लिहून खोडलंय की सर्वांत वर गेल्यावर त्वरण शून्य. ही चूक निराळ्या जातीची आहे. मी ज्युनिअर कॉलेजात 31 वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि ही चूक न करणारी बॅच मला मिळाली नाही. वेग शून्य झाला की त्वरणही शून्य झालं असणार, असं मनाला अगदी सहज वाटतं. तिला नुसतं ‘नाही, गुरुत्वाकर्षणामुळे तिथेही 9.8 असतं’ असं सांगू नका. विचारा, की त्या क्षणी दोन्ही शून्य असतील तर चेंडू पुढे काय करेल? ती थोडा वेळ गप्प बसेल, बसू द्या. मग म्हणेल, तिथेच लटकून राहील. त्यानंतर तिला दर सेकंदाचा वेग लिहायला सांगा : सुरुवातीला 20, मग 10.2, मग 0.4, मग खालच्या दिशेने 9.4, मग 19.2. दिशेचं चिन्ह सांभाळून वजाबाकी केली की प्रत्येक वेळी फरक 9.8 च येतो, वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना. हे तिच्या हाताने उतरलं की पुन्हा विसरणार नाही.

एका चुकीला दहा सेकंद लागतात, दुसरीला एक अख्खी संध्याकाळ. सोडवून आलेल्या फोटोत दोन्ही गणितं सारखीच दिसतात, कारण त्या मुलाने तिची चूक पाहिलेलीच नाही. तो बिचारा आपल्या झोपेच्या वेळेत मनापासून मदत करतोय, त्याला दोष देऊ नका. मीही तेच केलंय. सदाशिव पेठेत राहत असताना शेजारच्या मुलाला उतारावरच्या ठोकळ्याची बारा गणितं एका बैठकीत सोडवून दिली होती. त्याची आई दुसऱ्या दिवशी वाटीभर श्रीखंड घेऊन आली. आठवड्याने तो पुन्हा आला तेव्हा हातात तेच गणित होतं, फक्त 30 अंशांचा कोन 37 झाला होता. मुलगा हुशार होता, शिकवायचं काम मीच केलं नव्हतं. मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी एक सवय लावली, ती डॉ. जयंत नारळीकरांवरून सुचली. पुण्यातल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक-संचालक. मुलं सही मागायला आली की ते सही द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल, असं सांगायचे. मीही वर्गात सांगू लागले की डाऊट पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून आणा. अर्ध्याअधिक मुलांचा डाऊट लिहितानाच सुटायचा.

तुमच्या दुकानात कोरी कार्डं असतीलच. गणित तिने कार्डावर आपल्या मराठीत लिहावं. तिची निम्मी अडचण इथे असावी असं मला वाटतं. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘स्मूथ’ म्हणजे घर्षण धरायचं नाही. ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे दोरीला वस्तुमान नाही असं समजायचं. हे शब्द वाक्यात निमूट बसलेले असतात, पण अर्धी माहिती त्यांच्यातच असते. मग एक आकृती, आणि मग तिने स्वतः केलेल्या ओळी, चुकल्या असल्या तरी. शेवटी, नेमकं कुठे अडलं ते एका वाक्यात.

आणि खोडरबर काही दिवस कंपासपेटीतून काढून ठेवा. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ पुरे.

हे कार्ड त्या मुलाकडे जाऊ द्या, पण त्याला सांगा, उत्तर पाठवू नकोस, चुकलेल्या ओळीभोवती फक्त गोल कर. त्याचाही वेळ वाचेल. तेच कार्ड घेऊन तिने लेक्चर संपल्यावर आपल्या सरांना गाठावं. ‘सर, समजलं नाही’ याला भरलेल्या वर्गाच्या दारात उभं राहून काय उत्तर देणार? ‘सर, इथे 36 का चालत नाही?’ याला चालता चालता देता येतं.

आता तुमचं. दुकान बंद करून आलात की रोज एकच गणित तिच्याकडून ऐका. काय दिलंय? काय काढायचंय? आणि आलेलं उत्तर खरं वाटतं का? तिसरा प्रश्न विचारायला फिजिक्स लागत नाही. 32.4 म्हणजे वरून सोडलेला दगड ज्या दराने वेग घेतो त्याच्या तिपटीहून जास्त. स्वारगेटच्या बसने असा ब्रेक मारला तर दांडी धरून उभा राहिलेला माणूस उभा राहील का? हे तुम्ही रोज बसमधून पाहता. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढायला लागणारी ऊर्जा एक दिवस तिला काढायला सांगा, एका पायरीची उंची पट्टीने मोजून. पट्टी तुमच्याच दुकानातली.

शिकवणी आत्ता लावू नका. पुढच्या युनिट टेस्टपर्यंत हे करून पाहा. त्यानंतरही ती साइन-कोसाइनशी अडखळत असेल, तर मात्र महिना-दोन महिने कुणाकडे तरी पाठवा, पण गणितासाठी. उतारावर वजनाचे दोन भाग करताना मुलं अडतात ती बहुतेकदा त्रिकोणमितीत.

आणि 7 गुणांवरून तिला बोलू नका. ज्या मुलीला बसचं समीकरण स्वतःहून सुचलं, तिला फिजिक्स येणार आहे.

प्रश्न : g ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत 9.8 घ्यायची की 10? क्लासमध्ये एक सांगतात, कॉलेजात दुसरी.
– अकरावीतला विद्यार्थी, हडपसर

उत्तर : प्रश्नपत्रिकेत दिली असेल ती. दिली नसेल तर 9.8 घे आणि घेतली असं लिही. फरक 2 टक्क्यांचा आहे. वरच्या चेंडूला 9.8 ने 4.08 सेकंद लागतात, 10 ने 4 सेकंद. पुण्यात ती प्रत्यक्षात 9.78 च्या आसपास आहे, ध्रुवांवर 9.83. साधा लंबक घेऊन घरीच मोज : एक मीटर दोरा, टोकाला जड नट, 20 आंदोलनांचा वेळ. दोऱ्याची लांबी नटाच्या मध्यापर्यंत धर. साधारण 40 सेकंद येतील. आलेला आकडा मला कळव.