हुआ हिनचं घर नंतर, आधी मेडिक्लेम

पुण्याच्या एका निवृत्त वाचकांचं पत्र आलंय. त्यांचं वय ६२, पत्नीचं ६०. कोथरूडचा फ्लॅट कुलूप लावून ठेवायचा आणि पुढची वर्षं थायलंडमधल्या हुआ हिनला काढायची, असं दोघांनी ठरवलंय. बँकॉकपासून दोनेकशे किलोमीटरवरचं हे समुद्रकाठचं छोटं शहर त्यांनी दोन हिवाळे राहून पाहिलंय. पेन्शन महिना ४५ हजार, शिल्लक १ कोटी ९० लाख. प्रश्न असा : एक बंगली ४२ लाख बाटला (बाट हे थाई चलन) '३० अधिक ३० अधिक ३०' अशा ९० वर्षांच्या लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर, मिळतेय. ती घ्यावी, की महिना १८ हजार बाट भाड्याने राहावं?

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, हे आहे : "भारतात राहणार नसल्याने २०११ पासूनचा १५ लाखांचा मेडिक्लेम या महिन्यात भरला नाही, ७० हजार वाचले. तिथे सरकारी दवाखान्यात ३० बाटात उपचार होतात. शिवाय व्हिसासाठी ठेवायचे ८ लाख बाट अडीअडचणीला आहेतच." त्याच्या वरच्याच परिच्छेदात पत्नीची २०२१ मधली अँजिओप्लास्टी आणि त्यांचा स्वतःचा मधुमेह आहे.

बंगलीचं नंतर बघू. मेडिक्लेमची तारीख उलटून १७ दिवस झालेत. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची वाढीव मुदत असते. उत्तर छापून येईपर्यंत ती संपेल, म्हणून तुम्हाला आधीच ईमेल केलाय. कारणं इथे लिहितो, कारण परदेशी राहायला निघालेले कितीतरी लोक हेच करतात.

मुदतीत हप्ता भरला तर जुनी पॉलिसी सलग धरली जाते. मधल्या दिवसांतल्या आजाराचे पैसे मिळणार नाहीत, एवढंच. सलग ६० महिने झालेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'तुम्ही आजार लपवला' म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. तुमचं हे संरक्षण कधीच पक्कं झालंय. मुदत गेली की सगळं पहिल्यापासून. हृदयात स्टेंट असलेल्या साठीच्या बाईंना कंपनी नवी पॉलिसी देईलच असं नाही, आणि दिलीच तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, म्हणजे तुमचे ७० हजारही बहुधा पूर्ण लागणार नाहीत.

ही पॉलिसी थायलंडमध्ये चालणार नाही, हे खरं. पण गुडघा, बायपास, कॅन्सर असं काही निघालं तर तुम्ही विमानात बसून पुण्यालाच येणार आहात, आणि त्या दिवशी ती लागणार आहे.

३० बाटची योजना थाई नागरिकांसाठी आहे. परदेशी माणसाला सरकारी रुग्णालयातही बिल भरावं लागतं, आणि खासगीत हृदयासाठी एकदा दाखल झालं की काही लाख बाट सहज जातात. तुम्हाला हे ज्यांनी सांगितलं, त्यांनी अर्धवट ऐकलेलं पुढे ढकललंय. भारतातून 'ओ-ए' हा निवृत्तांचा व्हिसा काढलात तर आरोग्य विमा दाखवणं सक्तीचंच आहे.

व्हिसासाठीचे ८ लाख बाट अडचणीला वापरता येतील, हाही गैरसमज. व्हिसाच्या मुदतवाढीआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ते पूर्ण थाई बँकेतल्या खात्यात हवेत, आणि एरवीही ४ लाखांच्या खाली जाता येत नाही. नेमक्या त्या पाच महिन्यांत छातीत दुखलं तर?

आता बंगली. बाट पावणेतीन रुपये धरू. ४२ लाख बाट म्हणजे १ कोटी १५ लाख रुपये. व्हिसाचे २२ लाख मिळवले की १ कोटी ३७ लाख बाहेर पाठवायचे. वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापते, म्हणजे साधारण २५ लाख. ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात. तुमच्या हातात उरले २८ लाख, आणि मेडिक्लेम नाही. पत्रातल्या हिशोबात टीसीएसचा उल्लेखच नाही.

आणि ही ९० वर्षं आली कुठून? थाई कायद्यात घरजमिनीचं लीज जास्तीत जास्त ३० वर्षांचं. पुढची दोन 'तीस' म्हणजे मालकाने दिलेला शब्द. जमीन विकली गेली किंवा मालक वारला तर त्यावर विसंबता येत नाही. एजंट हे ९० वर्षं म्हणून विकतात याचा मला मनापासून राग येतो. तुम्हाला तीस वर्षं पुरतील, मान्य. पण करार एकट्या तुमच्या नावावर आहे, आणि भाडेकरू गेला की लीज आपोआप वारसाकडे जात नाही. तुमच्या माघारी पत्नीने परक्या देशात घर रिकामं करायचं का?

उलट बाजू बघा. तेच १ कोटी १५ लाख इथे साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेसात लाख. १८ हजार बाट भाड्याचे वर्षाला सहा लाख. कर भरून, पुढे भाडं वाढलं तर पेन्शनमधून थोडी भर घालून निभतं, आणि मुद्दल तुमचंच राहतं. त्याशिवाय १५ लाख फक्त तिथल्या तातडीच्या उपचारांसाठी बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका.

भाड्याने घेताना बारा महिन्यांचा करार करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हंगामात महिन्याच्या बोलीवर घर महाग पडतं. डिपॉझिट साधारण दोन महिन्यांचं असतं. विजेचं सरकारी बिल मागून बघा : सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास असतो, बरेच मालक सात-आठ लावतात. तुमच्या राहण्याची 'टीएम-३०' नोंद इमिग्रेशनकडे करायला मालक तयार आहे का, हे किल्ली घेण्याआधी विचारा. तो का-कू करत असेल तर ते घर सोडा, नाहीतर व्हिसाच्या मुदतवाढीला अडाल.

बंगलीचं टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावती आणि कराराची प्रत पाठवा, पण मेडिक्लेमचा हप्ता भरल्यावर.