गिडियन निकालानंतरही अमेरिकेत गरीब आरोपीचा बचाव कमकुवत का राहतो?

1963 च्या ‘गिडियन विरुद्ध वेनराइट’ या निकालाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क दिला असताना ढिसाळ बचावाच्या तक्रारी तिथे अजून का होतात, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते याचे उत्तर गिडियन निकालात सापडत नाही. ते 1984 च्या ‘स्ट्रिकलंड विरुद्ध वॉशिंग्टन’ या निकालात आहे, ज्याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते.

फ्लोरिडातील पनामा सिटी येथील एका पूलरूममध्ये चोरीच्या उद्देशाने घुसल्याचा आरोप क्लॅरन्स अर्ल गिडियन याच्यावर 1961 मध्ये ठेवण्यात आला. त्याने वकील मागितला, परंतु फ्लोरिडाच्या कायद्यानुसार मृत्युदंडाच्या खटल्यातच तो सरकारी खर्चाने देता येत होता. साक्षीदारांची उलटतपासणी त्याने स्वतःच केली आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने लिहून पाठवलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतला व त्याच्या वतीने वकील एब फोर्टास यांना नेमले. निकाल एकमताने लागला. तो लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी 1942 च्या ‘बेट्स विरुद्ध ब्रेडी’ खटल्यात, जिथे बहुमताने असा हक्क नाकारला होता, हेच मत अल्पमतात मांडले होते. एकवीस वर्षांनी तोच बेट्स निकाल रद्द करण्याची संधी त्यांना मिळाली.

फेरसुनावणीत फ्रेड टर्नर हे स्थानिक वकील उभे राहिले. “मला इथून नेल्याचे कोणाला सांगू नको,” असे गिडियन आपल्याला म्हणाल्याचे टॅक्सीचालकाने सांगितले, तेव्हा तो पूर्वीही असेच म्हणत असे आणि त्यामागे बायकोशी असलेली कुरबुर होती, हे टर्नर यांनी त्याच साक्षीदाराकडून वदवून घेतले. सुमारे तासाभरात ज्यूरीने गिडियनला निर्दोष ठरवले. साक्षीदाराला नेमके काय विचारायचे हे जाणणारा वकील आणि नुसता हजर असलेला वकील यांतला फरक इथे उघड दिसतो.

हा फरक कायद्याने कसा मोजायचा, हा प्रश्न स्ट्रिकलंडमध्ये आला. योगायोगाने तोही खटला फ्लोरिडाचाच होता. मृत्युदंडाच्या सुनावणीत आपल्या वकिलाने चारित्र्याचे साक्षीदार शोधले नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवालही मागवला नाही, अशी आरोपीची तक्रार होती. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी बहुमताच्या वतीने दोन कसोट्या घालून दिल्या: वकिलाची कामगिरी वाजवी दर्जाच्या खाली गेली होती हे आरोपीने दाखवले पाहिजे, आणि तसे घडले नसते तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती हेही. त्यातच, वकिलाचे वर्तन योग्यच होते असे गृहीत धरून न्यायालयाने सुरुवात करावी, अशी सूचनाही जोडली. आरोपी हरला आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले.

न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांचे विरोधी मत मला आजही अधिक पटते. निष्काळजी वकिलाने जो पुरावा शोधलाच नाही तो खटल्याच्या नोंदीतही नसतो. मग केवळ ती नोंद वाचून ‘चांगला वकील असता तरी हेच झाले असते’ असे कोणत्या आधारावर म्हणायचे, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. दुसरी कसोटी आरोपीला इतकी जड जाते, ती यामुळेच.

याला आणखी एक बाजू आहे. 2012 मध्ये ‘मिसुरी विरुद्ध फ्राय’ आणि ‘लॅफ्लर विरुद्ध कूपर’ या निकालांनी कबुलीच्या वाटाघाटींतही, म्हणजे गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात सौम्य आरोप किंवा शिक्षा ठरवण्याच्या बोलणीतही, सक्षम वकिलाचा हक्क मान्य केला. राज्यांतील सुमारे 94 टक्के आणि संघीय न्यायालयांतील सुमारे 97 टक्के दोषसिद्धी गुन्हा कबूल केल्यामुळे होतात, हे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी तिथे नमूद केले आहे. अशा प्रकरणांत साक्षी होत नाहीत, उलटतपासणी होत नाही, आणि मार्शल ज्या अपुऱ्या नोंदीबद्दल बोलत होते तेवढीही नोंद मागे राहत नाही.