स्टुटगार्टच्या कंपनीची मुलाखत: पिंपरीहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

आपण विचारले आहे, की मोटारींच्या प्लास्टिकच्या भागांचे डिझाइन करण्याचा आठ वर्षांचा अनुभव, जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी आणि बाळंतपणानंतर नोकरीत पडलेला खंड, एवढ्या भांडवलावर स्टुटगार्टजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या व्हिडिओ मुलाखतीची तयारी कशी करावी आणि पगार किती मागावा. मी याच भागात आणि याच क्षेत्रात नोकरी करतो, तांत्रिक मुलाखती घ्यायलाही बसतो. त्यामुळे समोरच्या बाजूने काय दिसते, तेथूनच सुरुवात करतो.

पुण्याकडचे उमेदवार तयारी करून येतात, याबद्दल शंका नाही; पण ती बहुधा नको तिथे केलेली असते. नेटवरच्या प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असतात, कंपनीचे ध्येयवाक्य पाठ असते आणि स्वतःचा दोष विचारला तर ‘मी जरा जास्तच काटेकोर आहे’ हे ठरलेले उत्तर तयार असते. इथल्या विभागप्रमुखाला, जो बहुतेक वेळा स्वतः अभियंता असतो, यातले काहीच नको असते. बायोडेटात लिहिलेले काम आपण स्वतः केले आहे का आणि त्यातला कोणता निर्णय आपला होता, एवढेच तो तासभर वेगवेगळ्या वाटांनी चाचपून पाहतो. टीमचे श्रेय टीमला देणे योग्यच आहे, पण ‘आमच्या टीमने डोअर ट्रिम (दाराचे आतले आवरण) केले’ या वाक्यावरून आपला वाटा त्याला कळत नाही आणि पुढचा प्रश्न त्याच जागी येतो.

म्हणून आपल्या कामातला एकच भाग निवडावा आणि तो मुळापासून बोलता येईल इतका तयार करावा. समजा डोअर ट्रिम निवडले. टाल्क (शंखजिऱ्याची पूड) भरलेले पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक, भिंतीची जाडी अडीच मिलिमीटर, असे आपण सांगितले की विचारले जाईल: मागच्या रिबची, म्हणजे मजबुतीसाठी दिलेल्या उभ्या पट्टीची, जाडी किती ठेवली होती? भिंतीच्या साधारण ५० ते ६० टक्के, म्हणजे सव्वा ते दीड मिलिमीटर, हे उत्तर पुस्तकातही मिळते. खरी मुलाखत त्यानंतर सुरू होते. पहिल्या टूल ट्रायलला (साच्याच्या चाचणीला) दर्शनी बाजूवर सिंक मार्क (खळगा) दिसला का, दिसला असेल तर रिब बारीक केली की गेटची (साच्यात प्लास्टिक शिरते त्या तोंडाची) जागा बदलली, टूल आधीच कापलेले असताना तो बदल शक्य होता का, खर्च कोणी सोसला आणि रिब बारीक केल्यावर क्लिपची पकड पुरेशी राहिली हे कशावरून ठरवले? या साखळीतली प्रत्येक कडी आपल्या अनुभवातून आली पाहिजे. जिथे निर्णय ग्राहकाचा किंवा वरिष्ठांचा होता, तिथे तसे स्पष्ट सांगावे. त्याने गुण कमी होत नाहीत. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘हे मी केलेले नाही’ म्हणून थांबावे. आपल्याकडे गप्प राहणे म्हणजे हार मानणे असे वाटते आणि माणूस काहीतरी बोलत राहतो. इथे त्या बोलण्यानेच जास्त नुकसान होते.

तांत्रिक बाजूची आणखी एक गोष्ट सहसा निसटते. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत ड्रॉइंगवरील टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अमेरिकी एएसएमई वाय १४.५ या मानकाप्रमाणे लावतात, तर जर्मनीत आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकांची पद्धत चालते. चिन्हे बरीचशी सारखी असली तरी मूळ गृहीतक वेगळे आहे. अमेरिकी पद्धतीत मापाच्या मर्यादेने रूपही (सरळपणा, गोलाई) आपोआप बांधले जाते. आयएसओ ८०१५ प्रमाणे प्रत्येक अट स्वतंत्र धरली जाते आणि रूप बांधायचे असेल तर तसे ड्रॉइंगवर दाखवावे लागते. एवढा फरक उदाहरणासह सांगता आला, तरी आपण इथले ड्रॉइंग वाचू शकाल याची खात्री पटते.

मुलाखत इंग्रजीत होणार असली तरी पहिली दोन-तीन मिनिटे जर्मनमध्ये बोलण्याची तयारी ठेवावी: नाव, शिक्षण, सध्याचे काम, हीच नोकरी का. बी-१ला ते जमते, आणि पुढे इंग्रजीवर जायची विनंती करण्यात कमीपणा नाही. श्वाबेनची, म्हणजे स्टुटगार्टच्या परिसराची, बोली कानावर पडली तर घाबरू नये, ती उत्तर जर्मनीच्या माणसालाही पटकन कळत नाही. वेळेचे मात्र नीट पाहावे. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार, आणि इथली घड्याळे मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.

खंडाबद्दल लपवण्यासारखे काहीच नाही. इथे बायोडेटा महिना-वर्षासह तपासतात, मोकळी जागा दिसली की विचारतात, आणि ‘मुलाच्या संगोपनासाठी रजा’ हे उत्तर इथे अगदी नेहमीचे आहे, कारण इथल्या कायद्याने आई किंवा वडील प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत अशी रजा घेऊ शकतात. गरोदर आहात का, पुढे मूल होऊ देण्याचा विचार आहे का, असे प्रश्न मात्र विचारता येत नाहीत आणि त्यांची उत्तरे देण्यास आपण बांधील नाही. कुटुंब कधी येणार, हा प्रश्न बहुधा घर आणि व्हिसाच्या काळजीपोटी येतो. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला आधी जर्मन येत असल्याचा दाखला द्यावा लागत नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते, हे आपल्याला माहीत असावे.

पगाराचा आकडा इथे वर्षाचा आणि करकपातीपूर्वीचा सांगतात. रुपयांतल्या पगाराला युरोच्या भावाने गुणून किंवा भागून काहीच हाती लागत नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: वर्षाला ६०,००० युरो असतील, तर एकट्या माणसाच्या करवर्गात सगळी कपात होऊन महिन्याला साधारण ३,१०० ते ३,२०० युरो हातात पडतात. सरकारी रोजगार संस्थेचा ‘एन्टगेल्टअटलास’ व्यवसाय आणि प्रांतानुसार पगार दाखवतो. तो पाहूनच आकडा ठरवावा. कंपनी धातू उद्योगाच्या (कामगार संघटना आणि मालकांमधल्या) सामूहिक करारात असेल तर काम कोणत्या श्रेणीत बसते यावर पगार ठरतो, आठवडा मुळात ३५ तासांचा असतो आणि घासाघीस श्रेणीवर करावी लागते. करारात नसेल तर आकडा आपणच सांगायचा. ब्लू कार्डसाठी किमान पगाराची अट दरवर्षी बदलते. २०२५ साली ती ४८,३०० युरो होती आणि अभियंत्यांसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांना ४३,७५९.८० युरो. आपला आकडा चालू वर्षाच्या मर्यादेखाली जाणार नाही हे पाहावे.

शेवटी ‘आपल्याला काही विचारायचे आहे का’ असे हमखास विचारतात. कंपनीचे वार्षिक ताळेबंद सरकारी कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. ते आधी चाळले असतील तर मोल्ड (साचे) कंपनीत बनतात की बाहेरून घेतात, असा नेमका प्रश्न सुचतो.

कधी रुजू होऊ शकाल, याचे उत्तर खरे द्यावे. तीन महिन्यांची नोटीस आणि त्यावर व्हिसाची प्रक्रिया हे ऐकून इथे कोणी चकित होत नाही, कारण इथेही अनेक करारांत तेवढीच नोटीस असते. पदवीच्या समकक्षतेची चौकशी आजच करून ठेवावी. विद्यापीठ आणि पदवी ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत समाधानकारकपणे नसेल, तर स्वतंत्र मूल्यांकन मागवावे लागते. त्याचे शुल्क २०८ युरो असून त्यात वेळ जातो. सध्याच्या वरिष्ठांकडून कामाचे स्वरूप सविस्तर लिहिलेले अनुभवपत्र मिळत असेल तर घ्यावे. नुसते पद आणि तारखा असलेल्या पत्रातून इथल्या माणसाला फार कळत नाही. आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला करार हाती येईपर्यंत पिंपरीतला राजीनामा देऊ नये.