ताप गेला, पाळी मात्र बिघडली

प्रश्न : ताई, चार महिन्यांपूर्वी मला कोविड झाला. ताप आठवड्यात गेला, पण पुढची पाळी दीड महिना आलीच नाही. आली तेव्हा दहा दिवस थांबेना, गाठीही पडत होत्या. तेव्हापासून असंच चाललंय. सतत गळून गेल्यासारखं वाटतं, नवरा जवळ आला तरी नको होतं. तो म्हणतो, ‘रिपोर्ट निगेटिव्ह येऊन किती दिवस झाले, आता नुसती कारणं सांगतेस.’ हल्ली तो बाहेरच्या खोलीत झोपतो. माझंच काही चुकतंय का? (वय ३४)

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये. चार महिने अंगावर काढलेस, एवढंच मला पटलं नाही.

बीजकोशातून बीज कधी सुटायचं, याचा हुकूम मेंदूतून येतो. मोठा ताप, उतरलेलं वजन, झोपेचं खोबरं, मनातली धास्ती, यांनी तो हुकूम लांबतो. बीज उशिरा सुटतं किंवा त्या महिन्यात सुटतच नाही. तोवर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग अंगावरून धो धो जातं. आधी उशीर आणि मग अती, हा बहुतेक वेळा एकाच बिघाडाचा भाग असतो. कोविडनंतर पाळी बिघडलेल्या बहुतेकींची ती काही महिन्यांत सुरळीत होते. तुझी अजून झालेली नाही, म्हणून आता तपासून घे.

आधी घरीच गर्भधारणेची चाचणी कर, खात्री असली तरी. मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तुझ्या थकव्याचं निम्मं कोडं तिथंच सुटेल. फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा) आणि थायरॉइडबद्दलही विचार, कारण विषाणूच्या आजारानंतर थायरॉइडला सूज येऊ शकते. तासाला एक पॅड भिजू लागलं किंवा चक्कर आली, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठ.

 

आता नवऱ्याचं. त्याच्या लेखी आजार म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट, आणि तो केव्हाच निगेटिव्ह झाला. तुझं रक्त किती जातंय हे त्याला दिसत नाही, आणि मला वाटतं, तू ते धड सांगितलंही नसशील. आपल्याकडे ‘अडचण आहे’ म्हटलं की विषय संपतो. त्याला दिवसाउजेडी, दोघंही शांत असताना, मोकळं सांग : किती दिवस जातं, किती पॅड लागतात, जिना चढताना काय होतं. ‘तू नकोसा झाला नाहीस, अंगात त्राण नाही’ हेही तोंडानं बोल. कदाचित तो रागावण्यापेक्षा दुखावला असेल. शेजारी झोपणं, हात हातात घेणं एवढ्यावर काही दिवस भागतं.

त्याचा रुसवा काढायला म्हणून मन नसताना हो म्हणू नकोस. दुखेल, आणि पुढच्या वेळी आणखी नको वाटेल.

डॉक्टरांकडे त्याला सोबत ने. बायकोचं न ऐकणारे पुष्कळ नवरे डॉक्टरांचं निमूट ऐकतात, याचा मला रागच येतो, पण उपयोग करून घे. रिपोर्ट हातात असूनही तो ‘कारणं’च म्हणत राहिला, तर तो प्रश्न पाळीचा उरत नाही. मग समुपदेशकाकडे जा. आणि तो डॉक्टरांकडे यायला तयार नसेल, तर बहिणीला किंवा मैत्रिणीला घेऊन जा, पण याच आठवड्यात जा.