खंडणी, तारण आणि सोडवणूक

प्रश्न असा आहे: 'मराठी बायबलात, इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात "खंडणी भरून मिळवलेली मुक्ती" असे शब्द वाचले. खंडणी तर गुंड मागतात. मग इथे कोण कोणाला धमकावत होते? भाषांतर चुकले आहे का? आणि तारण, मुक्ती, उद्धार हे सगळे एकच का?'

भाषांतर चुकलेले नाही. शब्द तोच आहे, त्याची संगत तेवढी बिघडली.

'खंड' म्हणजे आधी ठरवून टाकलेली रक्कम. जमीन खंडाने देणे, खंडाने करणे हे प्रयोग शेतीच्या व्यवहारात अजून चालतात. पीक कमी येवो की जास्त, मालकाला द्यायचा आकडा ठरलेला. खंडणी त्याच घरातली. मराठेशाहीच्या कागदांत शहरांवर किंवा मांडलिकांवर बसवलेली खंडणी म्हणजे अशीच आकडा ठरवून वसूल केलेली रक्कम. त्यात मनधरणी होती असे कोणी म्हणणार नाही, पण तो राज्याराज्यांमधला उघड व्यवहार होता. आज वर्तमानपत्रांनी 'खंडणीखोर', 'खंडणीविरोधी पथक' इतके कानांवर घातले आहे की दुसरा अर्थ सुचतच नाही.

मूळ पत्र ग्रीक भाषेतले. तिथला शब्द 'आपोलुत्रोसिस', आणि त्याच्या पोटात 'लुत्रॉन'. लढाईत धरलेला कैदी किंवा गुलाम सोडवण्यासाठी मोजलेली किंमत म्हणजे लुत्रॉन. पहिल्या शतकातल्या रोमन साम्राज्यात गुलामांची खरेदी-विक्री रोजचीच, त्यामुळे ऐकणाऱ्याला हा देवळातला शब्द वाटला नसणार. बाजारातलाच वाटला असणार. मार्काच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू स्वतःच्या मरणाबद्दल बोलताना हाच शब्द येतो: आपण सेवा करून घ्यायला आलो नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव लुत्रॉन म्हणून द्यायला आलो.

पण ग्रीक शब्दावर थांबलो तर अर्धेच कळते. त्यामागे हिब्रू व्यवहार आहे, आणि मला तरी तो जास्त मोलाचा वाटतो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे: कोणी गरिबीमुळे आपली जमीन विकली, तर त्याच्या जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी. माणसाने स्वतःलाच विकले असेल, तर त्यालाही भाऊ, चुलता किंवा चुलतभाऊ सोडवू शकतो. अशा नातलगाला 'गोएल' म्हणतात. जुन्या करारातल्याच रूथच्या गोष्टीत बवाज नावाचा नातलग गोएल होतो. त्याच्याहून जवळचा एक नातलग असतो, पण जमिनीबरोबर विधवा रूथचीही जबाबदारी घ्यावी लागेल हे कळताच आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून तो अंग काढून घेतो. मग बवाज वेशीवर वडीलधाऱ्यांच्या साक्षीने जमीन सोडवतो आणि रूथशी लग्न करतो. यशयाच्या ग्रंथात इस्राएलाच्या देवालाही हाच गोएल शब्द वारंवार लावलेला आहे. म्हणजे सोडवणारा परका सावकार नाही. ज्याच्यावर नात्याने ती जबाबदारी येते तो.

हे सगळे मराठीत एका शब्दात आणायचे तर 'सोडवणूक'. गहाण आपण सोडवतो, कैदीही सोडवतो, आणि दोन्हीकडे काहीतरी मोजावे लागते. 'सोडवणुकीचे मोल' म्हटले की लुत्रॉनचा अर्थ येतो आणि गुंड आठवत नाही.

तारण त्याहून मोठा शब्द आहे. तारणे म्हणजे पार नेणे, बुडणाऱ्याला वाचवणे. पाप आणि मरण यांतून वाचवण्याचे जे जे काम, ते सगळे तारणात येते, आणि किंमत मोजून सोडवणे ही त्याची एक बाजू. (बँकेतले तारणही हेच अक्षर. कर्जासाठी ठेवलेली हमी. उपासनेत 'माझे तारण' ऐकून पहिल्यांदाच आलेल्याला कर्जाचा अर्ज आठवला तर हसू नये.) 'उद्धार' म्हणजे वर काढणे, तो बहुतेक ठिकाणी चालतो. 'मुक्ती' जपून वापरावी. मराठी वाचकाला त्यात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका ऐकू येते, आणि ख्रिस्ती शिकवणीत तो फेराच नाही.

आता 'कोण कोणाला धमकावत होते' याकडे. ही शंका फार जुनी आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने मांडले की माणूस सैतानाच्या ताब्यात होता, तेव्हा किंमत सैतानाला मिळाली. चौथ्या शतकात नाझियांझसचा ग्रेगरी हा धर्मपंडित त्यावर उखडला. लुटारूला खंडणी द्यायची, आणि तीही खुद्द देवाच्या रूपात, ही केवढी विटंबना! बरे, किंमत देवपित्याला दिली म्हणावे, तर आपण त्याच्या कैदेत होतोच कुठे? १०९८च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अॅन्सेल्म याने मुद्दा सैतानाकडून काढून ऋणाकडे नेला: पापामुळे देवाच्या मानाची जी हानी झाली ती माणसाने भरायला हवी, पण भरण्याची ताकद फक्त देवात, म्हणून जो देव आणि माणूस दोन्ही आहे त्यानेच ती भरावी. पुढच्या पिढीतल्या अबेलार्ड या पंडिताने भर दिला तो त्या मरणातून दिसलेल्या प्रेमावर, जे पाहून माणसाचे मन पालटते. माझ्या मते उपमा जिथवर नेते तिथवरच जावे. सुटका झाली आणि ती फुकट झाली नाही, एवढे लुत्रॉन सांगतो. पावती कोणाच्या नावे फाडली, ते सांगत नाही.

बलिदानाचा प्रवाह वेगळा, पण तो याच्यात येऊन मिळतो. वल्हांडणाच्या कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि मरण ते घर ओलांडून गेले, ही जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकातली, इस्राएल लोकांच्या मिसरातून सुटकेची कथा. वल्हांडण या शब्दात ते ओलांडणे आहेच. इस्राएलात वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे असत. एकाचा बळी दिला जाई, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजक लोकांची पापे कबूल करी, मग त्याला रानात सोडत. नव्या करारात हे सगळे धागे एका व्यक्तीभोवती गुंफले आहेत. बाप्तिस्मा करणारा योहान येशूला 'जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा' म्हणतो. इब्री लोकांस पत्राचा मुद्दा असा, की बैलाबकऱ्यांच्या रक्ताने पाप जाणे शक्यच नव्हते, आणि इथे याजक आणि अर्पण एकच आहेत, तेही एकदाच.

म्हणून क्रियापद सांभाळावे लागते. 'येशू बळी पडला' म्हटले की तो नुसता अन्यायाला सापडलेला माणूस होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. तेव्हा 'स्वतःचे बलिदान केले' किंवा 'स्वतःला अर्पण केले' हेच बरोबर.

खरा अवघड शब्द खंडणी नाही, प्रायश्चित्त आहे. मराठीत ज्याने चूक केली तोच प्रायश्चित्त घेतो. इथे निर्दोष माणूस दुसऱ्यांसाठी ते करतो. त्यात रोमकरांस पत्रातला (३:२५) ग्रीक शब्द 'हिलास्टेरिऑन' जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कराराच्या कोशाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या पवित्र पेटीच्या, झाकणासाठी येतो. मराठी बायबलात त्या झाकणाला 'दयासन' म्हणतात, आणि वर्षातून एकदा महायाजक त्यावर रक्त शिंपडत असे. म्हणजे तो शब्द विधीचा मानावा की विधीच्या जागेचा, यावर भाषांतरकार आजही एकमताचे नाहीत.

लिहिताना एक पथ्य पाळावे. मिस्साला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या उपासनाविधीला, 'बलिदान' म्हणणे कॅथलिकांना स्वाभाविक वाटते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६२मध्ये ते ठासून सांगितले, आणि तिथे नवा बळी नसून क्रुसावरचेच अर्पण रक्तपाताविना होते असे म्हटले. प्रॉटेस्टंट मंडळी त्या विधीला 'प्रभुभोजन' म्हणतात आणि 'एकदाच' या शब्दावर बोट ठेवतात. कोणासाठी लिहिता आहात ते पाहून शब्द घ्या.