शेवटच्या ओळीला दिसेल अशी काडी उचल

कोथरूड, पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा काल रात्रीचा निरोप आज सकाळी ऐकला. मागे नदीपात्रात सराव चालू होता, त्यामुळे निम्मे शब्द ढोलांत बुडाले, पण मुख्य बातमी कळली. यंदा गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर तुमच्या ढोल-ताशा पथकाचा पहिला ताशा तुझा. मी निरोप तीनदा ऐकला, मग काकूला ऐकवला. तिने लगेच देवापुढे साखर ठेवली.

तू विचारलंस, "काका, ऐन वेळी हात थरथरले तर काय करू?" थरथरू देत. माझेही दर वर्षी थरथरायचे. मंडईतून निघून बेलबाग चौकात वळलं की आपोआप थांबायचे. हातांबद्दल मला तुला फारसं काही शिकवायचं नाही. तुझी तर्री, म्हणजे ताशावरची ती सलग जलद थरथर, मी ऐकली आहे, माझ्या ऐन उमेदीतल्या तर्रीपेक्षा ती स्वच्छ आहे. मला लिहायचंय ते कानांबद्दल. हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. एक गोष्ट चौकात उभी राहून कळली आणि दुसरी कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

पहिली आधी सांगतो.

१९८६ साल. मी नववीत होतो. तेव्हा पुण्यात आजच्यासारखी गल्लोगल्ली पथकं नव्हती. मुळशी-मावळातून गावांचे ढोल-लेझीमचे ताफे यायचे आणि शहरातली काही शाळांची पथकं असायची. ज्ञान प्रबोधिनी शाळेचं बर्ची नृत्य पाहायला तर आम्ही आमची रांग सोडून पळायचो. आमच्या शाळेचं पथक त्या मानाने लहान, पण शिस्तीचं. पुढे ताशे, मागे ढोल, कडेने झांजा, आणि ढोलांच्या मधून एक मुलगा टोल, म्हणजे हातोडीने वाजवायची धातूची जाड थाळी, घेऊन चालायचा. मुली नव्हत्या. तुला आज पुढे पाहताना मला ते विशेष जाणवतं.

वाद्यं शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत असायची. दार उघडलं की कातडं, तेल आणि ओल यांचा एकत्र वास यायचा. आज इतक्या वर्षांनी एखाद्या चपलांच्या दुकानात तसा वास आला तरी मी क्षणभर थांबतो. पानं, म्हणजे वाद्यांच्या तोंडावरचे पडदे, सगळी चामड्याची. रविवारी सकाळी ढोल आवळायला बसायचं, दोन पोरांनी गुडघे लावून ढोल धरायचा आणि तिसऱ्याने दोरी ओढायची. तळहात सोलून निघायचे. वाजवायला मिळावं म्हणून आम्ही हे काम करत नव्हतो. ते कामच आम्हाला आवडायचं.

चामड्याच्या पानाचं पावसाशी कधीच जमत नाही. दमट हवा लागली की पान उतरतं आणि ताशाचा आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो. मग आडोसा बघून वर्तमानपत्राचे बोळे पेटवायचे आणि त्यावर ताशा शेकायचा. एका जागी धरायचा नाही, ज्वाळेपासून वीतभर वर गोल फिरवत राहायचा. मधे मधे पानावर नखाने टिचकी मारायची. आधी 'टप' येतं, मग 'टक' आणि मग एकदम 'टण्'. तो 'टण्' आला की लगेच बाजूला घ्यायचा, आणखी पळभर ठेवला तर पान तडकतं. माझ्या उजव्या तर्जनीच्या नखाला त्या टिचक्यांनी पडलेली भेग पुढे दोन वर्षं होती.

त्या वर्षी विसर्जनाच्या दुपारी पाऊस झाला. सगळ्यांची पानं उतरली. मी लक्ष्मी रोडच्या मागच्या एका गल्लीत माझा ताशा असा शेकला, की त्यातून काचेवर खडे पडावेत तसा आवाज निघू लागला. पहिला ताशा माझा होता. रस्त्यावर आलो. दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या गॅलऱ्या माणसांनी वाकलेल्या, वरून गुलाल आणि फुलं. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून ओरडलं, "अरे, तो पोरगा बघ!" आणि मला चढलं. मी लय वाढवली. दोन पावलांनी अजून वाढवली. माझ्या शेजारचे ताशे माझ्यामागे धावले, पुढच्या दोन ओळींचे ढोल कसेबसे आले. कुंटे चौकाच्या अलीकडे वादन फाटलं. पुढे एक हात, म्हणजे ठोक्यांची एक बांधणी, मागे दुसराच, मधे नुसता गलबला. कापड टर्रकन फाटावं तसं ते फाटतं, आणि एकदा फाटलं की वाजवून सांधता येत नाही, थांबावंच लागतं.

सर आले. ओरडले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं, काड्या काढून घेतल्या आणि म्हणाले, "ढोल बांध आणि शेवटच्या ओळीत जा."

मला रडू येत होतं. शेवटच्या ओळीत डाव्या कडेला एक मुलगा तीन वर्षं वाजवत होता. त्याचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. त्याने सरकून मला शेजारी जागा दिली, स्वतःचा टॉवेल माझ्या कमरेत ढोलाखाली सारला आणि एवढंच म्हणाला, "ताशा ऐकू नको, टोलाचा हात बघ."

मला त्याचं म्हणणं पटलं नाही. मी ताशा ऐकला आणि प्रत्येक ठोक्याला मागे पडलो. मग मान वर करून पाहिलं. पुढे ताशेवाल्याची काडी खाली येताना दिसत होती आणि तिचा आवाज मागाहून माझ्यापर्यंत पोचत होता. लहानपणी ओंकारेश्वराच्या घाटावरून नदीपलीकडे धुणं धोपटणाऱ्या बायका बघायचो. धोपाटणं खाली आलेलं दिसायचं आणि 'धप्प' नंतर ऐकू यायचं. तेच माझ्या पथकात चाललं होतं आणि पुढे उभं राहून मला दोन वर्षांत ते कळलं नव्हतं.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पहिल्या ताशापासून शेवटच्या ढोलापर्यंत पस्तीस मीटर अंतर असेल, तर तुझा ठोका मागच्याला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तो ऐकून मग त्याने मारलं, तर त्याचा ढोल तुझ्यापर्यंत परत यायला आणखी तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तुला तो दोन दशांश सेकंद मागे वाटतो. दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल तर हा फरक जवळजवळ त्याच्या निम्मा झाला. त्यात लक्ष्मी रोडच्या इमारतींवर आपटून येणारा आवाज वेगळाच. तुला वाटतं मागचे ढिले आहेत, म्हणून तू त्यांना ओढायला लय वाढवतेस. ते बिचारे जे ऐकू येतं तेच प्रामाणिकपणे वाजवत असतात. लय वाढली की ते अजून मागे जातात. वादन बहुतेक वेळा असंच फाटतं, आणि दोष मात्र मागच्या ओळीला दिला जातो.

तुमच्या पथकात ताशे दोन रांगांच्या मधोमध असतात, त्यामुळे अंतर निम्मं होतं. तरी ते संपत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं: मागच्यांनी डोळ्यांनी वाजवायला हवं, आणि त्यांना बघायला काहीतरी देणं हे तुझं काम आहे. हात बदलायच्या आधी काडी डोक्याच्या वर ने, पूर्ण वर, खांद्यापर्यंतच नको. तोडायच्या, म्हणजे वादन थांबवायच्या, वेळी तसंच. पुढच्या वर्षी सरांनी टोलाच्या हातोडीला लाल फडकं बांधलं होतं, ते शेवटपर्यंत दिसायचं. तुम्हीही असं काही करा. आणि येत्या रविवारी सरावात काड्या दुसऱ्या कोणाला दे, ढोल बांध आणि एक पूर्ण फेरी शेवटच्या ओळीत वाजव. एकदा करून झालं म्हणून सोडू नकोस, दर आठवड्याला कर. तिथे कोण दमतंय, कोणाची दोरी कमरेत रुततेय, कोण अजून हात न समजता नुसतं शेजाऱ्याचं बघून वाजवतंय, हे पुढून कधीच दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही लिहायला जड जाते.

मिरवणुकीहून रात्री घरी आलो की कानांत दडे बसलेले असायचे आणि एक बारीक शिट्टी वाजत राहायची. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. दोन दिवसांनी ती शिट्टी जायची. नंतर तिला चार दिवस लागायला लागले, मग आठवडा. शाळा संपल्यावरही मी पंधरा वर्षं वाजवत राहिलो आणि एका वर्षी ती गेलीच नाही. आज हे पत्र लिहितानाही ती चालू आहे, डाव्या कानात जास्त. डॉक्टरांनी श्रवणचाचणीचा आलेख दाखवला. रेघ सरळ चालली होती आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण असते. तिथून गेलेलं परत येत नाही. माझी नात बोलते तेव्हा तिचे 'स' आणि 'श' मला ऐकू येत नाहीत, ते मी तिच्या ओठांवरून ओळखतो.

कामाच्या ठिकाणी आवाज सोसण्याची जी मर्यादा अमेरिकेतली आरोग्यसंस्था सांगते ती ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आणि ताशा तर आपल्या पोटाशी असतो, कानापासून हातभर अंतरावर. त्यात आमचं चामडं निदान पावसात मऊ पडायचं. तुमची कृत्रिम पानं पावसातही तशीच कडक वाजतात.

कापसाचे बोळे पुरत नाहीत. औषधाच्या दुकानात फोमचे मिळतात ते घे: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. जमल्यास वादकांसाठी बनवलेले घे, त्यात सूर तसाच राहतो, फक्त आवाज कमी होतो. पण सरावाच्या पहिल्या दिवसापासून वापर. विसर्जनाच्या दिवशी प्रथमच घातलेस तर तुला तुझाच ताशा परका वाटेल आणि तू ते काढून खिशात टाकशील. पथकातल्या पोरांना लाज वाटते हे मला माहीत आहे. म्हणूनच तू सगळ्यांसमोर घाल. पहिल्या ताशाने घातले तर बाकीचे घालतात. टोलाजवळच्या दोघांना तर सांगून, बजावून घालायला लाव.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये हरित लवादाने एका पथकात तीसच वादक अशी मर्यादा घातली आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. मीही खाल्ला आणि मनापासून खाल्ला. पण ज्यांनी आवाजाची तक्रार केली त्यांना परके समजू नकोस. रस्त्याकडेच्या घरांत तान्ही मुलं असतात, आजारी माणसं असतात. दवाखान्यासमोर पथक नुसतं झांजेवर नेलं तर कोणाचं काही जात नाही. आमचे सर न्यायचे. त्या शांत पन्नास पावलांत पोरांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा आणि मला ती पावलं फार आवडायची.

अजून एक, मग पुरे. सगळी मिरवणूक आता तीस तासांच्या घरात जाते आणि तुमचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. मुली त्या दिवशी पाणी पीत नाहीत, कारण वाटेत बाथरूमला जायची सोय कुठे आहे ते माहीत नसतं. मागच्या वर्षी तुमच्यातली एक चक्कर येऊन पडली ती यामुळेच. आता तू पुढारी आहेस. विसर्जनाच्या आधी दोन दिवस मंडईपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत चालत जा आणि कोणत्या शाळेत, कोणत्या ओळखीच्या घरात मुलींना जाता येईल ते विचारून, लिहून ठेव. ती यादी प्रत्येकीच्या फोनमध्ये असू दे. हे तर्रीइतकंच महत्त्वाचं आहे.

काकू विचारते आहे, सराव संपल्यावर रात्री जेवतेस कुठे? वडापावावर राहू नकोस. सरावाच्या वाटेवर आमचं घर आहे, भाकरी केव्हाही मिळेल.

शेवटच्या ओळीतला तो माझा मित्र आजही भेटतो. गुडघा दुखतो, पण विसर्जनाला येतोच. यंदा आम्ही दोघं कुंटे चौकात डाव्या फुटपाथवर उभे राहू, तुमच्या अगदी मागच्या ढोलापाशी. तिथून तुझी काडी दिसते का ते बघतो आणि रात्री कळवतो.

तुझा,
काका