तपासलं म्हणजे सिद्ध झालं का?

गणित आणि संगणकशास्त्र एकत्र शिकणाऱ्यांच्या पत्रांत दर वेळी ‘तपासलं म्हणजे सिद्ध झालं’ हाच घोळ असतो, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहितो. बाकीचं थोडक्यात.

प्रश्न : पहिली भाषा कोणती शिकू, सी की पायथन?

पहिल्या सत्राला जी लावली आहे ती.

प्रश्न : पुढे संगणकशास्त्रच करायचंय. कॅल्क्युलस सोडलं तर चालेल, असं सीनियर म्हणतात.

सीनियरांनी ते सोडून पुढे काय केलं, हेही विचारा. मशीन लर्निंगमधलं ग्रेडियंट डिसेंट, म्हणजे चूक पायरीपायरीने कमी करत नेण्याची पद्धत, डेरिव्हेटिव्हवरच चालते. विषय सोडण्याचा अर्ज भरण्याआधी विभागातल्या शिक्षकांशी बोला. श्रेयांकांचे नियम सगळीकडे सारखे नसतात.

प्रश्न : प्रकल्पातलं अनुमान मी एक कोटीपर्यंत प्रोग्रामने तपासलं, एकदाही चुकलं नाही. तरी मार्गदर्शक सिद्धता मागतात. एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. n² + n + 41 घ्या. n ला ० पासून ३९ पर्यंत कोणतीही किंमत द्या, उत्तर मूळ संख्याच येतं. चाळीस वेळा खरं! आता n = ४०. ४० × ४० + ४० म्हणजे ४० × ४१; त्यात आणखी ४१ मिळवले की ४१ × ४१. संपलं.

चाळीस कुठे आणि कोटी कुठे, असं म्हणाल. गणितज्ञ जॉर्ज पोया यांनी १९१९ मध्ये मांडलेलं मूळ अवयवांविषयीचं अनुमान पहिल्यांदा मोडतं ते ९०,६१,५०,२५७ या संख्येला. तुमच्या एक कोटीच्या चाचणीत ते हसत हसत पास झालं असतं.

शिवाय तुमचा प्रोग्राम तरी बरोबर आहे का? ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायच्या नेहमीच्या प्रकारात) मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. ४६,३४१ चा वर्गच त्याच्या पुढे जातो, म्हणजे तिथे उत्तर चुकीचं येऊ शकतं. कोडमध्ये कुठे वर्ग करत असाल, तर कोटीपर्यंत नेमकं काय तपासलंत ते पुन्हा बघा.

आता कोणीतरी चार रंगांचं प्रमेय पुढे करणार : कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की सीमा लागून असलेले दोन प्रदेश एका रंगाचे येत नाहीत. १९७६ मध्ये ते सिद्ध करताना गणितज्ञ अॅपेल आणि हाकेन यांनी संगणक वापरला, खरंय. पण अमुक इतक्याच नकाशा-रचना तपासल्या तरी पुरे, हे त्यांनी आधी सिद्ध केलं होतं. तुमचं अनुमान तसं मर्यादित करता येतं का, हे घेऊन मार्गदर्शकांकडे जा. ते उगाच अडवत नाहीयेत.

प्रश्न : ‘गणिताशिवाय तीन महिन्यांत एआय तज्ज्ञ’ अशी जाहिरात आहे. ‘आजच सवलत’ म्हणतात. फी भरू का?

आज तर मुळीच नाही. सवलत उद्याही असते. आधी लेखी अभ्यासक्रम मागवा आणि तो तुमच्या प्राध्यापकांना दाखवा. मॅट्रिक्स आणि संभाव्यता त्यात नसेल, तर शिकवणार आहेत ती फक्त बटणं.

प्रश्न : लिनिअर अल्जिब्रा व्हेक्टर स्पेसपासूनच डोक्यावरून जातंय. परीक्षेला पंधरा दिवस आहेत. कोणते व्हिडिओ बघू?

सत्रभर गप्प बसून आता व्हिडिओ? उद्या वही घेऊन शिक्षकांकडे जा. ‘काहीच कळत नाही’ असं सांगू नका. ज्या ओळीवर पहिल्यांदा अडलात, तिच्यावर बोट ठेवा. बहुधा ती ‘लिनिअरली इंडिपेंडंट’च्या (कोणताही व्हेक्टर बाकीच्यांपासून बनवता येत नाही, याच्या) व्याख्येतलीच निघेल.